बारक्या दारात आडवा

“हॅलो?... हॅलो, कोण बोलतंय?... अगंबाई, ताई! अहो, आवाजच ओळखू आला नाही... नाही नाही, बोला ना. कामावर आहे, पण बोला... काय?... कुठे?... आमच्या घरी? आत्ता?”

सूनबाईच्या हातातली चादर अर्धी दुमडलेली तशीच राहिली. रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरीची घडी दोघींनी घालायची असते. दोन टोकं हिच्या हातात, दोन समोरच्या मावशीच्या. मावशीने भुवया उडवून विचारलं, कोण गं? सूनबाईने नुसते ओठ हलवले, नणंद. त्यावर मावशीने जे तोंड केलं, त्यात सगळं आलं.

“नाही हो, आनंदच आहे. कळवलं असतंत तर रजा टाकली असती, इतकंच... हो, किल्ली तुमच्याकडे आहेच. वडिलांचं घर ते, मी कुठे नाही म्हणते?... दुपारच्या बाई आहेत ना? आप्पांजवळ बसतात त्या?... घरी पाठवलंत?... बरं... बरं. आणि बारक्या?... दारात?... उठत नाही म्हणजे काय करतो?... हो. हो, ताई. तो तसाच पडतो.”

बारक्या म्हणजे कुत्रा. आणला तेव्हा ओंजळीत मावत होता, म्हणून हे नाव पडलं. पुढे तो सत्तर किलोचा झाला, डोकं घमेल्याएवढं झालं, काळ्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना लाळेच्या दोऱ्या लोंबायला लागल्या, पण नाव काही वाढलं नाही. दारात आडवा पडला की या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत नुसता बारक्याच.

“पण तुम्हाला आत येऊ दिलंच ना त्याने?... हां, येऊ देतो. माणसाने आत यायला त्याची कधी ना नसते. बाहेर निघायचं म्हटलं की मग... अहो, हाकलून नाही उठणार तो... ‘ऊठ’ म्हणालात? मोठ्यांदा?... तीनदा?... ताई, तो तुमच्या शाळेतला नाही हो.”

मावशी फसकन हसली. ही थोरली नणंद दुसऱ्या गावात मुख्याध्यापिका होती. तिने नुसता चष्मा वर केला, की सातशे मुलं चिडीचूप होत. भावजयही त्यातलीच. नवरा लांबच्या मालाचा ट्रक घेऊन आठ-आठ दिवस बाहेर, त्यामुळे ताईचा फोन आला की जो काय जबाब द्यायचा तो हिनेच.

“पण तुम्ही एवढ्यात निघालात कुठे? बसा, जेवा, आप्पांशी बोला. मी सहाला येतेच... आप्पांना घेऊन?... फिरायला?... मग बॅग कशाला?... हॅलो? ताई, बॅग कशाला म्हणते मी?”

तिने चादरीची टोकं मावशीच्या हातात दिली आणि उश्यांच्या अभ्र्यांच्या ढिगाकडे गेली. तिथून भिंतीवरच्या घड्याळाकडे. तिथून परत ढिगाकडे.

“ऐकतेय... ऐकतेय मी... हो... किती दिवसांसाठी?... कायमचं?... अहो, असं कसं? यांना विचारलंत?... फोन लागत नाही, मग लागल्यावर विचारा ना! तुमचे वडील आहेत, मान्य. पण साडेचार वर्षं... नाही, मी उपकार नाही सांगत. मी काहीच सांगत नाही. तुम्ही सांगा.”

ऐकता ऐकता एकच अभ्रा तिने तीनदा दुमडला आणि तीनदा उलगडला.

“कोण म्हणालं?... समोरच्या शिंपीणबाई... त्यांचं काय ऐकता? सुई कमी आणि जीभ जास्त चालते त्यांची... कुत्र्याने ओढलं?... भर रस्त्यात?... नाही हो. मी सांगितलं होतं ना तुम्हाला. न्हाणीघरात पाय घसरला त्यांचा. कोपराला लागलं तेवढंच.”

हे सांगताना तिने नजर मावशीकडून काढून घेतली. खोट्याचं असं असतं, एकदा बोलून भागत नाही. पाहुण्यासारखं ते पुन्हा पुन्हा दारात येतं, आणि दर वेळी त्याला नवं पान वाढावं लागतं.

“वळ अजून हिरवा आहे? म्हातारं अंग, ताई, सावकाश जातं... बघा, राक्षस-बिक्षस म्हणू नका त्याला. ऐकतो तो... गुरगुरला? तुमच्यावर?... चांगलं झालं... अहो, थट्टा नाही करत! गुरगुरतोय तोवर तो बोलतोय तुमच्याशी. ‘जरा मागे सरा’ म्हणतोय, एवढंच. मास्तर सांगायचे, गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला कधी मारू नये. मारलं की गुरगुरणं सोडतो, चावणं नाही सोडत... मास्तर म्हणजे ते हो, गोदामाच्या राखणीचे कुत्रे शिकवायचे ते म्हातारे. यांनीच गाठ घालून दिली. दर रविवारी जात होते मी बारक्याला घेऊन... मीच! मला काय झालं? पहिल्या दिवशी मास्तरांनी मला बघितलं, त्याला बघितलं, आणि म्हणाले, बाई, यातलं कोणाला शिकवायचंय?”

पलीकडे हसू आलं नाही. तिचंच विझलं.

“तर ते म्हणाले, मोठ्या कुत्र्याला जोर शिकवायचा नसतो, तो देवाने दिलेलाच असतो. त्याला धीर शिकवायचा... काय संबंध म्हणजे? ताई, तो का पडलाय दारात, तेच सांगतेय ना! तुम्ही सामान भरताना आप्पांचा डबा उचललात का? पत्र्याचा, कडीवाला?... उचलून त्यांच्या हातात दिलात ना. वाजला असणार. डबा वाजला की दारात जाऊन आडवं पडायचं, हे काम आहे त्याचं. मी शिकवलंय.”

घड्याळात सव्वादोन वाजून गेले होते. दाराशी देखरेखीचे साहेब येऊन उभे राहिले आणि फोनकडे बघायला लागले. सूनबाईने त्यांना एक बोट दाखवलं, एकच मिनिट. मावशी मध्ये गेली आणि त्यांच्या कानाशी काही पुटपुटली.

“कारण अडीच वाजता आप्पा उठतात. रोज. कामाला जायचं असतं त्यांना, तीनची पाळी... हो, कारखाना बंद आहे, मला माहीत आहे, अकरा वर्षं झाली. त्यांना नाही ना माहीत! बूट चढवतात, डबा घेतात आणि दाराकडे चालायला लागतात. अडवलं तर चिडतात. कुलूप लावलं तर... ताई, एकदा कुलूप लावलं होतं. दार बडवत रडले ते. ‘खाडा होईल माझा’ म्हणून. लहान मुलासारखे. परत नाही लावलं मी.”

तिने पुढचा अभ्रा ओढला.

“म्हणून हे शिकवलं. वर्ष लागलं. आधी नुसती सतरंजी दारात, तिच्यावर बारक्या, आणि मी उकडलेल्या मांसाचे तुकडे घेऊन समोर उकिडवी. मग बूट वाजवायचे, मग डबा. भुंकायचं नाही, धरायचं नाही, अंगावर जायचं नाही, फक्त आडवं पडून राहायचं... आणि आप्पा काय करतात, माहितीये? थांबतात. बघतात त्याच्याकडे. म्हणतात, ‘झोपू दे बिचाऱ्याला. रात्रपाळी करून आला असेल.’... शप्पथ! आणि बूटबीट घालून खुर्चीत बसतात, त्याची झोप होईपर्यंत. कोणाची झोप मोडायची नाही, हे कुठेतरी राहिलंय त्यांच्यात. बाकी सगळं गेलं, तुमचं माझं नाव गेलं, हे राहिलंय... पंधरा-वीस मिनिटं बसतात, मग विसरतात. मग खुंटीवरचा पट्टा काढायचा. पट्टा बघितला की बारक्या उठतो. आप्पा पट्ट्याची मूठ धरतात, आणि दोघं कोपऱ्यापर्यंत जाऊन येतात, बाई मागे असतात. कामावरून आल्यासारखे खूश असतात.”

देव कोणाच्या रूपाने दारात आडवा पडेल, सांगता येत नाही. पण हे तिने फोनवर म्हटलं नाही. मुख्याध्यापिकेला अशी वाक्यं आवडत नसत.

“हो, मान्य. मान्य, ताई, म्हातारा माणूस कुत्र्याच्या भरवशावर नाही ठेवत कोणी. नुसत्या कुत्र्याच्या नाहीच, मी आहे, दुपारच्या बाई आहेत... हं... हं... जरा आप्पांना द्या फोन. आवाज ऐकते नुसता... तिथे नाहीत? मग कुठे आहेत?... मागच्या पायरीवर?”

ती एकदम वळली. अभ्र्यांचा ढीग घसरून पायाशी आला.

“बूट घालून?... ताई, मागचं दार कोणी उघडलं?... गाडी मागच्या गल्लीत लावलीत. म्हणजे फाटकही उघडं... बारक्या पुढे अडून बसला म्हणून... हो, कळलं, कळलं, ते मग सांगा. आधी मागे जाऊन बघा. आत्ता. नाही, फोन ठेवू नका, हातात धरून जा. जा ना!”

दोन वाजून सत्तावीस मिनिटं. मोठ्या इस्त्रीच्या रुळांतून वाफ सुटली आणि विरली. सूनबाई रुळांपासून दारापर्यंत गेली, दारापासून रुळांपर्यंत आली. साहेब बाजूला सरले.

“नाहीत?... गाडीत बघा. मागच्या सीटवर?... संडास?... अंगणात भिंतीआड?... डबा आहे का पायरीवर? डबा बघा, ताई... डबाही नाही.”

“किती वेळ झाला तुम्ही त्यांना बसवून?... आपण बोलत होतो तेवढा वेळ. म्हणजे पंधरा मिनिटं... ऐका. ऐका, रडू नका. मला माहीत आहे ते कुठे चाललेत. कारखान्याकडे. मोठ्या रस्त्याच्या पलीकडे... कारण गेले होते ते. आधी गेले होते एकदा.”

मावशीने मान वर केली.

“तीन आठवड्यांपूर्वी... हो, खोटं बोलले मी. न्हाणीघर नाही. मोठा रस्ता. दुपारच्या बाई आल्या नव्हत्या, मी बारक्याला अंगणात आंघोळ घालत होते, आणि पुढच्या दाराची कडी राहिली माझ्या हातून. माझ्या. बारक्यालाच आधी कळलं. साबणाने माखलेला, तसाच भिंतीवरून उडी टाकून गेला. मी पोचले तेव्हा आप्पा रस्त्यात दोन पावलं आत होते आणि त्याने त्यांच्या कोटाची बाही तोंडात धरली होती. धरली आणि खाली बसला. सत्तर किलो बसल्यावर आप्पा कुठे जातील? आदळले कोपरावर. बाजारातून येणाऱ्या शिंपीणबाईंनी ते बघितलं. त्यांनी ट्रक नाही बघितला... तुम्हाला नाही सांगितलं कारण सांगितलं असतं तर तुम्ही न्यायलाच आला असतात. आणि बघा, आलातच... बोला, काय बोलायचं ते बोला, पण मग. आत्ता नाही.”

“नाही, गाडी काढू नका! गाडीतून कसं कळणार कुठल्या बोळातून गेले? तेव्हाच्याच वाटेने जातील असं नाही... बारक्या कुठे आहे?... अजून दारातच पडलाय? पडणारच. त्याला पुढचंच दार शिकवलंय. मागचं कधी उघडं नसतं, म्हणून शिकवलंच नाही आम्ही. अक्कल बघा माझी... तो काम करतोय, ताई. त्याला वाटतंय आप्पा घरात आहेत... नाही, हाका मारून नाही उठणार. खुंटीवरचा पट्टा काढा. रुंद आहे तो, पाठीवर मूठ असलेला, बॅगेला असते तशी... मिळाला?... आता उठला ना? बघा!”

“घालावा लागेल. तुम्हालाच... हो, गुरगुरेल थोडा. माहितीये मला, तुम्हाला भीती वाटते, लहानपणी कुत्रा चावलेला, तेही माहितीये. पण आता दुसरं कोण आहे तिथे? फोन स्पीकरवर टाका. टाकला?... बारक्या! बारक्या, मी आहे. शहाणा ना तू. उभा राहा, हां, असाच... फोन चाटतोय? चाटू दे, पुसता येतो. आता समोरून नका जाऊ, बाजूने जा. डोक्यावरून वाकू नका. डोळ्यांत बघू नका त्याच्या, पोटाकडे बघा. तुमची कूस त्याच्या कुशीला लावा... लावा हो, भिंत आहे समजा. तो पण टेकेल. टेकला?... त्याला सवय आहे, जवळच्यावर भार टाकतो. पडू नका म्हणजे झालं. आता पट्टा पाठीवर, आणि पोटाखालून बकल... उलटं आहे? मूठ शेपटीकडे हवी... लागलं? टक्क आवाज आला?... आला. ताई, शाबास!”

मुख्याध्यापिकेला शाबासकी दिली, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

“आता मागच्या दाराने. ओढू नका त्याला, मूठ घट्ट धरा आणि त्याच्या मागे चाला. पायरीवर हुंगेल, हुंगू दे. घाई करू नका... माहितीये घाई आहे! पण त्याला हुंगू दे... निघाला?... कुठल्या हाताला?... पाण्याच्या टाकीकडे. बरोबर. चला. चाला तुम्ही, मी आहे फोनवर.”

आता तिच्या कानात पलीकडची धाप होती, चपलांची फटफट आणि मधूनच बारक्याचा तो घुसळल्यासारखा श्वास. इकडे धुलाईयंत्रं घरघरत होती. मावशीने जाऊन दोन यंत्रं बंद केली. साहेबांनी ते बघूनही चालवून घेतलं.

“हं... हं... लोक बाजूला होतात ना? होतात. त्याच्याबरोबर चाललं की गर्दी आपोआप फाटते... कोण ओरडलं?... ‘वाघ आणलाय’ म्हणाला? म्हणू दे... थांबला? का?... बोळाच्या तोंडाशी... काही दिसतंय?... डब्याचं झाकण! आप्पांच्याच डब्याचं. उचला. म्हणजे बरोबर आहे. पुढे त्याला सांगायची गरज नाही... ताई, चप्पल तुटली तर सोडून द्या... अनवाणी चाला ना, काय होतंय!”

“आता कशाचा आवाज?... मोठा रस्ता आला? दिसतात?... कुठे? कडेला? उभे आहेत की चाललेत?... हाक मारू नका! दचकून पुढे जातील. पाठीमागून आवाज आला की ते पुढेच जातात... किती लांब आहात?... बारक्या ओढतोय? मग सोडा त्याला... सोडा मूठ... नाही सुटणार म्हणजे काय, हात उघडा! अगं सोड त्याला! सोड म्हणते ना! तो पोचेल, तू नाही पोचणार! सोड!”

धुलाईघरात तो आवाज असा घुमला, की बाहेरच्या दालनातून कोणीतरी डोकावलं.

आणि मग फोनमधून काहीच येईना. म्हणजे येत होतं. हॉर्न, कसलातरी लांबलचक करकरणारा ब्रेक, पुन्हा हॉर्न. माणसाचं काही येत नव्हतं. सूनबाईने डोळे मिटले. मावशीने येऊन तिचा दंड धरला.

“हॅलो?... ताई?... हॅलो?... ताई, बोला ना... ए ताई...”

“काय?... कोण?... आडवा? कुठे आडवा?... आप्पांच्या पुढ्यात... पायाशी. रस्त्याच्या कडेला... कसला ट्रक?... पुढे गेला. लागलं नाही ना कोणाला? दोघांनाही?... नीट बघ... बरं. बरं. थांब, मला बसू दे.”

ती अभ्र्यांच्या सांडलेल्या ढिगावर बसली. स्वच्छ कपड्यांवर बसायचं नाही असा तिथला नियम होता. साहेबांनी तोंड फिरवून घड्याळ बघितलं. अडीच वाजून दहा मिनिटं झाली होती.

“नाही... नाही शिकवलं त्याला. हे कोणीच नाही शिकवलं. तिथे कुठे दार आहे? सतरंजी नाही, काही नाही... त्याने आपलंच ठरवलं, इथे दार आहे म्हणून... आप्पा काय करतायत?... बघतायत त्याच्याकडे. ओलांडत नाहीत ना? नाही ओलांडणार... काय म्हणाले?... परत सांगा, ऐकू आलं नाही... हं... हो. तेच. तेच म्हणतात ते... रडा. रडा तुम्ही. इथे मीही तेच करतेय.”

पदराने तिने नाक पुसलं. हसली. परत पुसलं.

“नाही, आत्ता हलवू नका. तुम्हीही बसा त्यांच्याजवळ... हो, तिथेच, फुटपाथवर. कोण बघतंय? मुख्याध्यापिका तुम्ही शाळेत... लोक जमलेत? जमू दे, त्याच्या जवळ नाही येणार कोणी... डब्याचं झाकण द्या आप्पांना. बरं वाटेल त्यांना. पंधरा-वीस मिनिटांनी विसरतील, मग पट्ट्याची मूठ त्यांच्या हातात द्या. तुम्ही नका धरू. त्यांना वाटलं पाहिजे, तेच त्याला घरी नेतायत...”

मग पलीकडून ताईच बोलत राहिली. मावशीने खाली बसून अभ्रे गोळा करायला घेतले, कान मात्र इकडेच.

“नाही, ताई. क्षमा-बिमा नको. पाप दोघींत वाटून घेऊ, मागचं दार तुमचं, पुढची कडी माझी... आणि खरं सांगू? न्यायचं तर न्या. मनापासून सांगतेय. मी लपवलं, तुमचा भरवसा उडाला तर तुमची चूक नाही. पण मग दोघांनाही न्या... हो, बारक्यालाही. एकटे नाही राहणार ते आता. त्याची सतरंजी घ्या, लाळ पुसायचा टॉवेल दाराच्या मागे आहे, आणि न्हाणीघरातली निळी बादली... आंघोळीची नाही, ते त्याचं पाणी प्यायचं भांडं. आणि त्याला जिने चढवायचे नाहीत, गुडघे दुखतात. तुमचा मजला तिसरा ना?... हां... मागच्या सीटवर तो मावेल, पण मग बाकी कोणी मावणार नाही...”

पुढचं सामान तिला आठवेना.

“काय?... काय म्हणालात?... तुम्ही?... आमच्याकडे?... रजा आहे तुमची? किती दिवस?... राहा ना! अहो विचारता काय, राहा! तुमचंच घर... हो, ते मी मघाशी पण म्हणाले होते, पण मघाशी वेगळं म्हणाले होते... कशाला?... हां! मागच्या दाराचं. शिकवावंच लागेल. आणि ते एकटीने होतच नाही, ताई, मी करून बघितलंय. एकीने आत डबा वाजवायचा आणि एकीने दारात तुकडे घेऊन बसायचं... नाही, डबा तुम्ही वाजवा. तुकडे देताना बोटंही चाटतो तो, तुम्हाला सवय नाही... बरं, तुम्ही द्या तुकडे! द्या!”

साहेब दारातून बाजूला झाले होते आणि हातानेच ‘जा’ म्हणत होते. मावशीने तिची पिशवी खुंटीवरून काढून पुढे धरली.

“निघालेच मी. अर्ध्या तासात पोचते... तिथेच येते, रस्त्यावरच. चपला आणू का तुमच्यासाठी?... आप्पा हसतायत? कशाला?... घोरतोय? खरंच झोपला? तिथे? त्या गोंगाटात?... अहो, दमला असेल. साडेचार मण भीती ओढून नेली त्याने आज, तुमची आणि माझी... नाही, नाही, ताई, हात लावू नका. माझी वाट बघा दोघं. तोवर झोपू दे बिचाऱ्याला.”

आणि तिने फोन ठेवला.